कॉम्प्युटरच्या अभ्यास मंडळाला खुलं पत्र: रजिस्ट्रेशन फॉर्म तोच ठेवा, फक्त माऊस काढून घ्या

आदरणीय सर आणि मॅडम,

नमस्कार. 'सविनय विनंती करते की' असं दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, अर्जाच्या भाषेत मला मनातलं सांगताच येत नाही, त्यामुळे बोलते तसंच लिहितेय, चूकभूल सांभाळून घ्या.

मी २०१० ची कॉम्प्युटरची पासआऊट. कुठल्या विद्यापीठाची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण आता मी फ्रंट एंडच्या पोरांचे इंटरव्ह्यू घेते आणि चार विद्यापीठांची पोरं समोर बसली तरी अंध-अपंगांनाही वापरता येईल अशी वेबसाइट बांधायच्या विषयात (ॲक्सेसिबिलिटी म्हणतात त्याला) चौघांची पाटी सारखीच कोरी असते, उगाच एकावर बिल कशाला फाडा. तुम्ही म्हणजे ज्यांच्या मीटिंगमध्ये वेब टेक्नॉलॉजीच्या कुठल्या युनिटला किती तास, लॅबला किती मार्क आणि ओरल असणार की नुसतं टर्म वर्क हे ठरतं ते सगळे.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. वेबच्या लॅबमध्ये पोरं वर्षानुवर्षं जो रजिस्ट्रेशन फॉर्म करतायत तो तसाच राहू द्या. फक्त तपासताना माऊस काढून घ्या, स्क्रीन काळी करा, कानाला हेडफोन लावा आणि म्हणा, बाळा, आता हा तुझाच फॉर्म भरून सबमिट करून दाखव. एवढंच. नवीन सब्जेक्ट नको, नवीन इलेक्टिव्ह तर अजिबात नको.

आमच्या वेळी पण हाच फॉर्म होता. नाव, पत्ता, जेंडरची दोन रेडिओ बटणं, हॉबीजचे चार चेकबॉक्स (क्रिकेट, रीडिंग, म्युझिक, चौथी हॉबी कोणालाच सुचायची नाही), खाली सबमिट आणि रीसेट. सगळं टेबलमध्ये बसवलेलं कारण तसं केलं की एका रेषेत दिसतं, आणि वर कॉलेजचं नाव मार्कीमध्ये उजवीकडून डावीकडे पळतंय. एका पोराने केला, बाकीच्यांनी पेन ड्राइव्हवर घेतला, नाव बदललं, जर्नलमध्ये राइट-अप उतरवला, सही झाली. ओरलला एक्स्टर्नलनी मला गेट आणि पोस्टमधला फरक विचारला, तो मी आदल्या रात्री पाठ केलाच होता, पंचवीसपैकी बावीस मिळाले. पण लेबल नावाचा एक टॅग असतो आणि तो चौकोनाला नीट जोडला नाही तर स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, अंध माणसं वापरतात ते) ऐकणाऱ्या माणसाला त्या चौकोनात नाव लिहायचंय की पिनकोड हे कळायला मार्ग नाही, हे ना सरांनी सांगितलं ना पुस्तकात होतं. सरांना तरी कुठे कोणी सांगितलं होतं म्हणा.

मग नोकरी लागली, हिंजवडीतच, कंपनीचं नाव जाऊ दे. अमेरिकेतला एक दुकानदार क्लायंट, त्याची कपड्यांची साइट, आम्ही फ्रंट एंडवाले. एके दिवशी क्लायंटचा मेल, आमची साइट अंध लोकांना वापरता येत नाही म्हणून वकिलाची नोटीस आलीय, ताबडतोब दुरुस्त करा. तो घाबरला होता त्याला कारण होतं, २००८ मध्ये टार्गेट कंपनीने तिथल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेबरोबर अशाच खटल्यात ६० लाख डॉलरची तडजोड केली होती. आम्ही मेल वाचून एकमेकांकडे बघतोय, अंध माणूस वेबसाइट वापरतो म्हणजे नेमकं काय करतो? टीममध्ये जो सगळ्यात नवीन त्याच्या गळ्यात असली तिकिटं पडतात, मी नुकतीच त्या प्रोजेक्टवर आले होते, झालं.

चार दिवस गुगल केलं आणि मला एरिया नावाची जादू सापडली (गल्लीतला एरिया नव्हे, स्क्रीन रीडरला जास्तीची माहिती द्यायला एचटीएमएलमध्ये लावतात ती ॲट्रिब्यूट्स). दिसेल तिथे एरिया-लेबल चिकटवलं. प्रत्येक कपड्याच्या कार्डाच्या लिंकवर एरिया-लेबल, मजकूर 'प्रॉडक्ट'. चुका शोधणाऱ्या टूलमधले लाल ठिपके हिरवे झाले, मी खूश, मॅनेजर खूश.

मग क्लायंटच्या हट्टामुळे कंपनीने एक अंध टेस्टर कॉन्ट्रॅक्टवर घेतला. कोल्हापूरकडचा मुलगा, बँकेच्या परीक्षा देता देता टेस्टिंगची कामं करायचा. त्याने कॉलवर स्क्रीन आवाजासकट शेअर केली. त्याचा स्क्रीन रीडर इतक्या वेगाने बोलत होता की मला नुसती मोहोळ उठल्यासारखी घूं घूं ऐकू आली, त्याने माझ्यासाठी वेग कमी केला तेव्हा शब्द लागले: प्रॉडक्ट लिंक, प्रॉडक्ट लिंक, प्रॉडक्ट लिंक. चोवीस वेळा. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, गेल्या आठवड्यात निदान शर्टाचं नाव आणि भाव तरी ऐकू येत होता. आता मंडईत उभं राहिल्यासारखं झालंय, सगळे नुसते भाजी भाजी ओरडतायत, कुठली भाजी ते कोणी सांगेना."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार, पण ते त्याला दिसत नव्हतं हे एक बरं. झालं होतं काय, लिंकवर एरिया-लेबल लावलं की आतला खरा मजकूर बाजूला पडतो आणि लेबल तेवढं वाचलं जातं. म्हणजे चांगलं चालणारं मी स्वतःच्या हाताने मोडलं होतं, आणि टूल म्हणत होतं शाब्बास. एरियाचा पहिला नियमच असा आहे की साध्या एचटीएमएलने काम होत असेल तर एरिया वापरू नका, हे मला त्यानंतर कळलं. माझ्यासारखे जगभर आहेत. वेबएम नावाची युटा स्टेट युनिव्हर्सिटीतली संस्था २०१९ पासून दरवर्षी १० लाख होमपेज तपासते, त्यात एरिया वापरलेल्या पानांवर न वापरलेल्या पानांपेक्षा सरासरी चुका जास्त सापडतात.

त्याच रिपोर्टमधला दुसरा आकडा तुमच्या कामाचा आहे. २०२५ मध्ये ९४.८ टक्के होमपेजवर मशीनलासुद्धा सापडतील अशा चुका होत्या, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या फक्त सहा प्रकारच्या: फिकट अक्षरं, चित्राला वर्णन नाही, फॉर्मच्या चौकोनाला लेबल नाही, लिंक रिकामी, बटण रिकामं, आणि पानाची भाषा सांगितलेली नाही. वर्षानुवर्षं हेच सहा. यातलं एक तरी असं आहे का सर, जे दुसऱ्या वर्षाच्या पोराला दोन तासांच्या एका प्रॅक्टिकलमध्ये शिकवता येणार नाही? आम्ही क्लाउड शिकवतो, ब्लॉकचेनचं इलेक्टिव्ह काढतो, आणि बटणाला बटण म्हणायचं शिकवत नाही.

हे बटणाचं प्रकरण तर मी इंटरव्ह्यूमध्ये रोज बघते. पोरं डिव्ह घेतात, म्हणजे नुसता रिकामा चौकोन, त्याला ऑनक्लिक लावतात, सीएसएसने गोल कडा आणि सावली देतात, दिसतं अगदी बटणासारखं. पण माऊस ज्याला धरता येत नाही त्याला टॅब मारत तिथे पोचताच येत नाही, मग टॅबइंडेक्स लावा, पोचला तरी एंटर चालत नाही, मग त्याचा कोड लिहा, स्पेस दाबली की बटण दाबलं जायच्या ऐवजी पान खाली सरकतं, मग ते थांबवा, मग स्क्रीन रीडरला हे बटण आहे असं कळवायला रोल लावा. इतकी उसाभर करून जे मिळतं ते सगळं बटण टॅग लिहिला असता तर फुकट मिळालं असतं. का नाही वापरला विचारलं तर उत्तर येतं, मॅम त्याचा डिफॉल्ट लुक चांगला नसतो. आणि टॅबने जिथे पोचलो तिथे उमटणारी फोकसची ती निळी चौकट डिझायनरला खुपते म्हणून आउटलाइन नन, चौकटच गायब! म्हणजे माऊस नसलेल्या माणसाला आपण पानावर कुठे उभे आहोत तेच दिसू नये.

बरं, ओपन सोर्सकडे (ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो ते) मी आदर्शवादाने वगैरे गेले नाही, ढकलले गेले. त्याच साइटवर डिलिव्हरीची तारीख निवडायचं कॅलेंडर होतं, एका ओपन सोर्स लायब्ररीतलं (म्हणजे आयत्या कोडचा संच), त्यात कीबोर्डने शिरता यायचं पण तारखांमध्ये हलता यायचं नाही. मी आमच्या कोडमध्ये ठिगळ लावलं आणि त्या टेस्टरला दाखवलं (तोपर्यंत मी मॅडमची ताई झाले होते). तो म्हणाला, "ताई, हे कॅलेंडर मला निदान दहा साइटवर भेटलंय आणि दहाही ठिकाणी मी अडकलोय. तुम्ही तुमच्या दुकानापुरतं नीट केलंत, बाकीच्या नऊ ठिकाणी मी काय करू?"

मग रात्री बसून मूळ लायब्ररीला पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती, पाठवली. मला वाटलं चार ओळी आहेत, घेतील. मेंटेनर, म्हणजे ती लायब्ररी सांभाळणारा, युरोपातला कोणीतरी, कधी चेहरा पाहिला नाही, त्याने चार वेळा परत पाठवली. एस्केप दाबून कॅलेंडर बंद केलं की फोकस कुठे जातो? ज्या बटणाने उघडलं त्यावर परत जायला पाहिजे. महिन्याच्या शेवटच्या तारखेवर उजवा बाण दाबला तर? होम आणि एंडला काय होतं? महिना बदलला हे न बघणाऱ्याला कसं कळणार? आणि या सगळ्याच्या टेस्ट कुठे आहेत? सात आठवडे गेले. ऑफिसमध्ये मॅनेजरचा प्रश्न, हे अवर्स कुठल्या क्लायंटला बिल करायचे? म्हणून मग ऑफिसनंतर. पण खरं सांगते, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये माझा कोड एवढ्या बारकाईने कोणी वाचला नव्हता, तो माणूस मला ओळखतही नव्हता आणि त्याला त्याचे पैसेही मिळत नव्हते. एका रविवारी रात्री ती मर्ज झाली, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतली गेली. मी उत्साहाने मिरजेला पप्पांना फोन करून सांगितलं की माझा कोड आता जगभर चालणार. पप्पा म्हणाले, किती दिले?

मला शिकवणारा स्क्रीन रीडर पण ओपन सोर्सच, एनव्हीडीए. त्याची गोष्ट पोरांना सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातले मायकल करन आणि जेम्स टेह, दोघेही अंध, लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात ओळख झालेले. विंडोजवरचे विकतचे स्क्रीन रीडर तेव्हा कॉम्प्युटरइतकेच महाग पडायचे, म्हणजे बघणाऱ्याने एकदा पैसे द्यायचे आणि न बघणाऱ्याने दोनदा. २००६ मध्ये करनने स्वतःच पायथनमध्ये एक लिहायला घेतला आणि फुकट वाटला, टेह नंतर येऊन मिळाला. आज आपल्याकडच्या अंध पोरांच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा तोच सापडतो. टेह पुढे मोझिलात गेला आणि फायरफॉक्सचं ॲक्सेसिबिलिटीचं इंजिन आतून नव्याने बांधण्याच्या कामात पुढे होता. पायथन तुमच्या पहिल्या वर्षाला आहे ना? मग हा कोड पोरांना उघडून दाखवा, लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिमपेक्षा बरा.

आणि ऑस्ट्रेलियापर्यंत तरी कशाला जायचं. टी. व्ही. रामन आपल्या पुण्यात वाढले. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, पुण्यातच गणितात पदवी घेतली, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेलला पीएचडी. त्यांचा १९९४ चा प्रबंध कशावर, तर लेटेकमध्ये (गणिताचे मजकूर टाइप करायची पद्धत) लिहिलेली गणिताची समीकरणं आवाजात कशी ऐकवायची यावर. त्या सिस्टिमचं नाव ॲस्टर, आणि त्यांच्या गाइड डॉगचं नावही ॲस्टर. १९९५ मध्ये त्यांनी इमॅक्स एडिटरला बोलकं करणारा इमॅक्सपीक लिहून खुला केला, पुढे गुगलमध्ये गेले. ज्या शहरात हा माणूस गणित शिकला त्या शहरात इंजिनिअरिंगची एवढी कॉलेजं, आणि मी चार वर्षांत त्यांचं नाव एकदाही ऐकलं नाही. ॲलन ट्युरिंग ऐकला, डेनिस रिची ऐकला.

आता मराठीचं, कारण हे काम बाहेरचा कोणी येऊन करणार नाही.

प्रत्येक वेबपेजच्या पहिल्याच टॅगमध्ये पानाची भाषा लिहायची असते, इंग्रजीला ई-एन, हिंदीला एच-आय, मराठीला एम-आर. पोरं टेम्प्लेट उचलतात त्यात ई-एन असतं आणि ते जन्मभर ई-एनच राहतं, खाली सगळं मराठी असलं तरी. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज घेऊन देवनागरीवर तुटून पडतो, कुठे गप्प बसतो, कुठे भलतंच काहीतरी बोलतो. काही जण हुशारी करून एच-आय टाकतात, लिपी तीच आहे ना म्हणून. लिपी तीच, पण पानावर २५ दिसलं की हिंदी आवाज पच्चीस म्हणतो आणि मराठी आवाज पंचवीस. चमचा, जहाज, चहा, सगळे च-ज हिंदीतले होतात. पिकाच्या हमीभावाचं पान कोणी शेतकरी मराठीत ऐकत असेल आणि मध्येच उनहत्तर म्हटलं तर त्याने काय समजायचं? ई-स्पीक एनजी नावाचा खुला आवाज आहे, एनव्हीडीएबरोबरच येतो, त्याला मराठी येतं. यांत्रिक आहे, गोड अजिबात नाही, पण येतं. फक्त त्याला हाक मारावी लागते आणि ती हाक म्हणजे ती दोन अक्षरं. दोन अक्षरांचं काम आहे हो!

दुसरं, जुने फॉन्ट. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) आधीचे जे मराठी फॉन्ट होते त्यात खाली खरं अक्षर इंग्रजीतलं असतं आणि वर चित्र तेवढं मराठी. डोळ्याला 'परिपत्रक' दिसतं, कानाला डॉलर, कंस, सेमीकोलन, कॅपिटल के असं काहीतरी ऐकू येतं. आणि तिसरं म्हणजे परिपत्रकाचा प्रिंट काढायचा, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचं आणि तो फोटो पीडीएफ म्हणून चढवायचा. स्क्रीन रीडरला ते कोरं पान. माझ्या त्या टेस्टरला मी विचारलं होतं, अशी पीडीएफ आली की काय करतोस? म्हणाला, शेजारच्या काकूंना बोलावतो आणि त्या वाचून दाखवतात, त्यांना माझा बँक बॅलन्स माझ्या आधी कळतो. ('दिव्यांग' या शब्दाबद्दल त्याला विचारलं तर तो जे बोलतो ते इथे छापण्यासारखं नाही.)

तुमच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न काय येणार ते मला माहितीये, असे लोक आहेत तरी किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, तेव्हा कायद्यात ७ प्रकारचंच अपंगत्व धरलेलं होतं, २०१६ च्या नव्या कायद्याने ते २१ प्रकार केले. आणि माझे पप्पा या कुठल्याच आकड्यात नाहीत. त्यांना मधुमेह आहे, डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालाय, फोनवर अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलंय. एक बिल भरायचं पान आहे त्यावर डेव्हलपरने झूम बंद करून ठेवलाय, दोन बोटांनी ताणलं तरी काही होत नाही, अक्षर फिकट राखाडी, आणि वर कॅप्चा. मागच्या पावसाळ्यात त्यांनी तीन वेळा कॅप्चा चुकवला आणि मला फोन केला, मी इकडून भरलं. माझे वडील एमएसईबीतून रिटायर झालेत हो, आयुष्यभर लोकांची बिलं नीट केली त्यांनी. नियम सांगतो की साध्या अक्षराचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ पाहिजे. पांढऱ्यावर ज्या राखाडीचा हेक्स कोड ७६७६७६ आहे ती जेमतेम पास होते, त्याहून फिकट गेलात की नापास. हा आकडा आमच्या लाइनमध्ये लोकांना स्वतःच्या गाडीच्या नंबरसारखा पाठ असतो.

दुसरा प्रश्न, इंडस्ट्रीला याची गरज आहे का. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या स्त्रिया आणि एक अंध वकील कोर्टात गेले होते, कारण बँकेचं केवायसी म्हणतं कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा, आणि त्यांना ते शक्य नाही. कोर्टाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग धरला आणि २० निर्देश दिले. युरोपचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झालाय, तिकडे ऑनलाइन विकायचं तर दुकान सगळ्यांना वापरता आलं पाहिजे, आणि त्या दुकानांचा कोड कुठे लिहिला जातो ते हिंजवडीत आणि खराडीत विचारा. म्हणजे कायदा झाला, कोर्ट बोललं, क्लायंट मागतोय. माणूस मिळत नाही. मागच्या वर्षी एका जागेसाठी मी चौदा इंटरव्ह्यू घेतले, लेबल टॅग कशाला असतो याचं बरोबर उत्तर दोघांनी दिलं, त्यातल्या एकीचा भाऊ अंध होता.

आणि कृपया कॉलेजच्या साइटवर कोपऱ्यात तो निळ्या गोलातल्या माणसाचा आयकॉन विकत घेऊन लावू नका. एक ओळ टाका, साइट आपोआप सगळ्यांना वापरता येईल असं सांगत सेल्समन फिरतात. अशाच दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये एका कंपनीकडून १० लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं. फॉर्मला लेबल नसेल तर तो आयकॉन ते कुठून आणणार, अंदाजाने? अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये आधीच आहे, आपण फक्त ती बंद करू नये.

आता मागणीचं सविस्तर. एनव्हीडीए फुकट आहे हे झालं. त्यात स्क्रीन कर्टन म्हणून सोय आहे, एक शॉर्टकट दाबला की स्क्रीन पूर्ण काळी, मॉनिटरचं बटण शोधायला नको. स्पीच व्ह्यूअर पण आहे, स्क्रीन रीडर जे बोलतो ते एका खिडकीत अक्षरांत उमटतं, म्हणजे तपासणाऱ्या सरांना तो वेगवान आवाज समजायची सवय नसली तरी चालतं, शेवटी स्क्रीन कर्टन काढून ते वाचून मार्क देता येतात. पोराने टॅब मारत पहिल्या चौकोनावर जायचं. 'एडिट' एवढंच आलं तर लेबल नाही, मार्क गेले. 'पूर्ण नाव, एडिट' आलं तर पुढे. रेडिओ बटणं कुठल्या प्रश्नाची आहेत ते ऐकू येतंय का, चूक झाली तर ती नुसती लाल रंगाने सांगितलीय की शब्दांत, सबमिट झालं हे न बघता कळलं का. दहा मिनिटांत होतं, आणि पेन ड्राइव्हवर आणलेला फॉर्म इथे लगेच उघडा पडतो हा तुमचा जास्तीचा फायदा.

ओपन सोर्सला मार्क देताना मात्र जरा जपून. मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टला मार्क अजिबात ठेवू नका. ऑक्टोबर २०२० ला हॅक्टोबरफेस्ट नावाच्या ओपन सोर्सच्या उपक्रमात टीशर्टसाठी लोकांनी जगभरच्या प्रोजेक्टवर रीडमीमध्ये (प्रोजेक्टचं माहितीचं पान) 'ॲन ऑसम प्रोजेक्ट' असली वाक्यं घालून पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला, आपल्याकडची पोरंही होती त्यात, शेवटी मेंटेनर वैतागले आणि आयोजकांना नियमच बदलावे लागले, जो प्रोजेक्ट स्वतः हो म्हणेल त्यातलंच धरायचं असं करावं लागलं. मी आता दोन छोट्या लायब्ररींची मेंटेनर आहे, मुलगी झोपल्यावर दीड तास मिळतो त्यात ते करते, त्या दीड तासात साठ पोरांच्या रीडमी माझ्या अंगावर सोडू नका, हात जोडते. त्याऐवजी नीट लिहिलेल्या एका बग रिपोर्टला मार्क द्या. कुठलं पान, कुठला ब्राउझर, कुठली कळ दाबली, स्क्रीन रीडर काय बोलला, काय बोलायला हवं होतं. आधी कोणी हेच लिहिलंय का ते शोधलं का. असा रिपोर्ट लिहिता आला की पुढचा कोड जमतो, आणि मेंटेनर अशा पोराला विसरत नाही.

पैशांचं पण सांगते, कारण पोरं तेच विचारणार. पहिली पाच-सहा वर्षं माझं ॲप्रेझल मार खायचं, 'साइड ट्रॅकवर आहेस', 'हे टेस्टिंगवाल्यांचं काम आहे ना' असं ऐकलंय. बॅचमधले आर्किटेक्ट झाले तेव्हा मी अजून तिकिटांवर 'लेबल जोडा' लिहीत होते आणि कधी कधी रात्री रडूही यायचं, खोटं कशाला बोलू. आता बाहेरच्या कायद्यांमुळे चित्र बदललंय, पगार बरोबरीला आलाय. तो टेस्टर दादा बँकेत लागला नाही, ॲक्सेसिबिलिटी ऑडिट करणारी स्वतःची चार जणांची टीम चालवतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो. अजून माझ्या पुल रिक्वेस्टमध्ये चुका काढतो, मागच्या आठवड्यातच एक काढली, मोडल (पानावर उघडणारी छोटी खिडकी) बंद केल्यावर फोकस हरवत होता. पंधरा वर्षं होत आली, तरी तेच चुकते.

सिलॅबस रिव्हिजन पुढच्या वेळी येईल तेव्हा बघू असं म्हणाल तर निदान या टर्मला एका बॅचवर करून बघा. शनिवारी मी येऊ शकते, मानधन नको, चहा चालेल. एनव्हीडीएची पोर्टेबल कॉपी पेन ड्राइव्हवरून चालते, इन्स्टॉल करायला लागत नाही, त्यामुळे लॅब असिस्टंट दादांकडे ॲडमिन पासवर्डसाठी चकरा मारायला नकोत. हेडफोन मात्र पोरांना आणायला सांगा, नाहीतर तीस मशीन एकदम बोलायला लागली की शेजारच्या लॅबमधल्या मॅडम भांडायला येतील.

आपली,
कॉम्प्युटर, २०१० ची बॅच
(रोल नंबर विचारू नका, जर्नल अजून एक सबमिट करायचं राहिलंय)